'कन्कशन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
खेळातल्या कन्कशनच्या बातम्या माध्यमं कशी देतात, यावरच्या एका प्राध्यापकांच्या संशोधनाची मराठीत ओळख करून देते आहे. 'कन्कशन'साठी नेमका शब्द कोणता? कुणी 'मस्तिष्काघात' सुचवलं, पण ते वाचलं की अर्धांगवायूच डोळ्यांपुढे येतो.

उत्तर १
ताई, 'मस्तिष्काघात' नकोच. 'मेंदूला हादरा' लिहा. मूळ लॅटिन शब्दातही जोराने हलवण्याचाच अर्थ आहे. डोकं आपटलं किंवा मानेला जबर हिसका बसला की कवटीच्या आत मेंदू हलतो आणि त्याचं काम काही काळ बिघडतं. बहुतेकदा माणूस बेशुद्ध पडत नाही, रक्त येत नाही, स्कॅनही स्वच्छ निघतो. म्हणून नुसतं 'डोक्याला मार' पुरत नाही. खोक पडून टाके घातले तरी आपण तेच म्हणतो.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. आपल्या क्रीडापानांवर 'कन्कशन' हा दुखापतीचा शब्द राहिलेलाच नाही, तो नियमाचा झालाय. आयसीसीने ऑगस्ट २०१९ पासून क्रिकेटमध्ये कन्कशन झालेल्याच्या जागी बदली खेळाडूची मुभा दिली. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर इंग्लंडच्या आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्मिथच्या मानेवर आदळला. स्मिथ तपासणीनंतर त्याच डावात पुन्हा खेळायला उतरला. दुसऱ्या दिवशी त्याला त्रास जाणवू लागला आणि त्याच्या जागी लाबुशेन आला. लक्षणं उशिरा दिसू शकतात, हे वाचकाला सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही.

आणि ३१ जानेवारी २०२५ चा पुण्याचा भारत-इंग्लंड सामना घ्या. गहुंज्यात शेवटच्या षटकात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू बसला, त्याच्या जागी हर्षित राणा आला आणि त्याने तीन बळी घेतले. मग फलंदाजी करणाऱ्या अष्टपैलूच्या जागी वेगवान गोलंदाज कसा चालतो, यावर वाद रंगला. वाद रास्तच होता, इंग्लंडचा कर्णधार बटलरची तक्रारही. पण दुबेचं डोकं दुखत होतं का, तो पुन्हा कधी खेळणार, याला त्या गदारोळात जागाच उरली नाही.

उत्तर २
वरच्याशी सहमत. भर एवढीच की नामाइतकीच विशेषणंही तपासा. 'जिगरबाज', 'वेदना विसरून', 'किरकोळ दुखापत' हे शब्द आपण सवयीने लिहितो. घोट्याला लागलं असेल तर ठीक, मेंदूच्या बाबतीत ते घातक आहेत. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या क्रामरला डोक्याला जबर धक्का बसला. तो खेळत राहिला आणि थोड्या वेळाने त्याने पंचांनाच विचारलं, ही फायनलच आहे ना? एकतिसाव्या मिनिटाला त्याला बाहेर काढलं. हा किस्सा आजही हसत सांगितला जातो. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्याला आपण कुठे आहोत हे कळत नाही, तो मैदानावर होता.

अमेरिकेत तर ईएसपीएनवर जबर टकरींची क्षणचित्रं दाखवून निवेदक एका सुरात ओरडायचे, असं सदरच होतं. २००७ पासून न्यूयॉर्क टाइम्समध्ये ॲलन श्वार्झ यांनी निवृत्त अमेरिकन फुटबॉलपटूंच्या मेंदूविकारांवर सलग लिहिलं, आणि तिथल्या बातमीदारीचा सूर बदलत गेला. इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठाचे डॉमिनिक माल्कम यांनी हा प्रश्न निव्वळ डॉक्टरांचा न मानता समाजशास्त्राच्या अंगाने तपासला आहे. तुमच्या लेखाला त्यांचाही उपयोग होईल.

प्रश्नकर्ती
दोघांचे आभार. मग 'कन्कशन' पूर्ण काढून टाकू का? आणि क्रियापद?

उत्तर १
काढू नका, वाचक समालोचनात तो रोज ऐकतो. पहिल्यांदा 'मेंदूला बसलेला हादरा, म्हणजेच कन्कशन' असं लिहा, पुढे कन्कशन चालेल. क्रियापद 'बसणे'. 'कन्कशन झालं'पेक्षा 'मेंदूला हादरा बसला' कानाला बरं लागतं. 'सबस्टिट्यूट'ऐवजी 'बदली खेळाडू' आहेच. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय 'सौम्य' हे विशेषण बातमीत घालू नका.