लॅपटॉपची वीट प्रवासात कशाला वागवायची?

दीडजीबी
थेट विधानच टाकतो. लॅपटॉप टाइप-सी पोर्टातून चार्ज होत असेल, तर त्यासोबत आलेला विटेएवढा चार्जर प्रवासात नेणं ही निव्वळ हमाली आहे. 65 वॉटचा एक गॅन चार्जर, 100 वॉटची एक सी-टू-सी केबल, एक साधी ए-टू-सी आणि 20,000 एमएएचची पॉवर बँक. लॅपटॉप, फोन, इअरबड्स, घड्याळ, सगळं त्यात भागतं.

विटेचं वजन जाड तीन पिनी वायरीसकट साडेतीनशे ग्रॅमच्या घरात जातं. गॅन सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा. (गॅन म्हणजे गॅलियम नायट्राइड. ते सिलिकॉनपेक्षा जास्त वेगाने चालू-बंद होतं, म्हणून आतला ट्रान्सफॉर्मर लहान चालतो. जादू काही नाही.)

एक गैरसमज असा की 65 वॉटचा चार्जर दिलाय म्हणजे लॅपटॉपला सतत 65 लागतात. ब्राउझर, एडिटर, दोन टर्मिनल आणि मध्यम उजेड एवढ्यावर बहुतेक ऑफिस लॅपटॉप 10 ते 15 वॉट खातात. व्हिडिओ मीटिंगमध्ये 20-25. मोठा बिल्ड लावला (म्हणजे सगळा कोड कंपाइल करायला टाकला) की 40 च्या वर, पण तो काही दिवसभर चालत नाही. म्हणजे 45 वॉट मिळाले तरी काम करता करता बॅटरी भरते. विरोधी मतं येऊ द्या.

तिसरीपिन
विरोध आहे, आणि तो वजनावरून नाही, अर्थिंगवरून आहे.

गॅन चार्जर बहुतेक दोन पिनी असतात. अशा चार्जरमध्ये मेन्सची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, खरखर दाबण्यासाठी. त्यातून अगदी किंचित प्रवाह आउटपुटच्या ग्राउंडवर येतो, आणि अर्थ नसल्यामुळे त्याला जायला वाट नसते. लॅपटॉप धातूच्या बॉडीचा असेल तर पत्र्यावरून मनगट हलकेच फिरवा, मुंग्या आल्यासारखं लागतं. बॉडी आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टीमीटर लावला तर 80-100 व्होल्टसुद्धा दाखवतो. प्रवाह मिलिअँपच्या अंशात असतो, त्यामुळे जिवाला धोका नाही. पण ट्रॅकपॅडवरचा कर्सर थरथरतो, आणि वायरवाला हेडसेट लावला की मीटिंगमध्ये समोरच्याला घूं ऐकू येतं. तो म्हणतो तुमचं नेट खराब आहे, आणि तुम्ही राउटर रीस्टार्ट करत बसता.

तीन पिनी विटेत ही भानगड नाही. ती जाड वायर उगाच दिलेली नसते, साहेब.

खरडपट्टी
तिसरीपिन, मुद्दा बरोबर, पण अर्धा. लॉजमध्ये, होमस्टेमध्ये, जुन्या वाड्यातल्या बोर्डावर तिसरं भोक असतं, त्यामागे वायर असतेच असं नाही. तिथे तुमची तीन पिनी वीटही मुंग्याच देणार. टेस्टर अर्थच्या भोकात घालून काही कळत नाही, फेज आणि अर्थ यांच्यात मीटर लावून 220-230 दिसले तरच अर्थ आहे म्हणायचं. प्रवासात ते कोण करतंय?

मॅकबुकवाल्यांसाठी: चार्जरवर जिथे पिनांचा तुकडा सरकवतात, तिथे धातूचं एक गोल बटण आहे. दोन पिनी तुकडा त्याला जोडला जात नाही. तीन पिनी एक्स्टेंशन वायर लावली की ते बटण अर्थला जातं आणि मुंग्या थांबतात. जुन्या मॅकबुकच्या खोक्यात ती वायर यायची.

माझा आक्षेप वेगळाच आहे. ‘एका चार्जरवर सगळं’ हे वाक्य खोक्यावर छापायला सोपं. दोन सी आणि एक ए पोर्टाच्या 65 वॉटवाल्या चार्जरची वाटणी साधारण अशी असते: सी-1 एकटा असेल तर 65. सी-1 आणि सी-2 दोन्ही लावले तर 45 आणि 20 च्या आसपास. आणि सी-2 व ए एकत्र लावले, तर बऱ्याच मॉडेलांत दोघांना मिळून 5 व्होल्टवर 15 वॉट. म्हणजे चुकून लॅपटॉप सी-2 ला आणि घड्याळ ए ला लावून झोपलात, तर सकाळी लॅपटॉप तिथेच. 5 व्होल्टवर बरेच लॅपटॉप चार्जच होत नाहीत, काही बंद असताना रांगत रांगत होतात. ही वाटणी चार्जरच्या अंगावर इतक्या बारीक करड्या अक्षरांत असते की फोनने फोटो काढून मोठा करावा लागतो. विकत घेण्याआधी तो फोटो बघा, जाहिरात नको.

अजून एक. दुसरं उपकरण लावलं किंवा काढलं की चार्जर सगळ्या पोर्टांशी नव्याने बोलणी करतो, आणि एक-दोन सेकंद सगळ्यांची वीज जाते. लॅपटॉपला बॅटरी आहे, त्याला फरक नाही. पण हॉटेलच्या वायफायसाठी खिशातला ट्रॅव्हल राउटर त्याच चार्जरवर असेल, तर कुणी फोन लावला की राउटर रीबूट. कॉल गेला.

दीडजीबी
पोर्टांचा मुद्दा मान्य. लॅपटॉप कायम सी-1 ला, त्या पोर्टावर नेलपॉलिशचा ठिपका द्या म्हणजे अंधारातही चुकत नाही. राउटरला पॉवर बँकेवर ठेवा.

वेटिंगलिस्ट27
सगळी चर्चा हॉटेलच्या टेबलावर चालली आहे. रेल्वेगाडीत या.

बहुतेक डब्यांतल्या सॉकेटात 110 व्होल्ट असतात, 230 नाही. चार्जरच्या पाठीवर 100-240 व्होल्ट लिहिलं असेल तर काही बिघडत नाही, पण तेवढ्याच वॉटला प्रवाह दुप्पट लागतो. आणि ते सॉकेट हजारो हातांनी सैल केलेलं. आपल्या 6 अँपियरच्या सॉकेटाची भोकं 5 मिलिमीटरच्या पिनांसाठी आहेत. बाजारातल्या अनेक गॅन चार्जरच्या पिना युरोपी मापाच्या, 4 मिलिमीटरच्या. त्यात चार्जर ठोकळ्यासारखा, सगळं वजन पिनांवर. गाडी सांधा बदलताना हलली की चार्जर मान टाकतो, पिनेशी ठिणगी उडते, पिन तापते, आणि लॅपटॉपवर ‘चार्जिंग-नॉट चार्जिंग’चा खेळ चालू. विटेचा मोठा गुण असा की वीट खाली बर्थवर पडून राहते आणि सॉकेटात फक्त हलकी पिन असते.

रात्रीचं वेगळंच. आगीच्या भीतीने रात्री 11 ते पहाटे 5 चार्जिंग पॉइंट बंद ठेवायचं धोरण रेल्वेत आहे. म्हणजे ‘रात्री लावतो, सकाळी भरलेलं मिळेल’ हे गाडीत विसरा. जेवणाआधीच भरून घ्या.

दीडजीबी
ठोकळ्याला उत्तर आहे. आठच्या आकड्यासारखं तोंड असलेली सुटी वायर लागणारे गॅन चार्जर मिळतात. वायर भारतीय जाड पिनांची घ्यायची, परदेशात गेलात तर चार्जर तोच, फक्त वायर तिथली. जर्मनीतलं सॉकेट खोलगट असतं, आपली जाड पिन त्यात जातच नाही. जपानमध्ये दोन चपट्या पिना आणि 100 व्होल्ट. इंग्लंडमध्ये चौकोनी तीन पिना. एक सुटी वायर बदलली की काम होतं, कन्व्हर्टरचा लोंबता मनोरा लागत नाही.

तिसरीपिन
आठच्या तोंडाची वायर दोन पिनीच. मुंग्या कायम. तीन पाकळ्यांचं तोंड असलेला घ्या म्हणजे अर्थ मिळेल. पण मग ती विटेचीच वायर झाली की हो!

शहाणाउंदीर
पॉवर बँकेबद्दल कुणी बोलेना, आणि धागाकर्त्याचा खरा कच्चा दुवा तिथेच आहे.

20,000 एमएएच हा आकडा आतल्या सेलचा, 3.7 व्होल्टवरचा. 20 गुणिले 3.7 म्हणजे 74 वॉट-तास. त्यातून 20 व्होल्ट काढताना आणि लॅपटॉपने ते आत घेताना मिळून पंचवीसेक टक्के जातात. हातात उरतात 55 च्या आसपास. लॅपटॉपची बॅटरीही बहुधा 50-57 वॉट-तासांची, म्हणजे एक पूर्ण भरणा, दुसरा नाही. 12 वॉटने काम केलंत तर साडेचार तास. खोक्यावर ‘रेटेड कपॅसिटी 12,000 एमएएच’ दिसलं तर फसवलं असं समजू नका, तो 5 व्होल्टवरचा खरा आकडा आहे. उलट तो छापलेलाच नसेल तर ती बँक घेऊ नका.

वॉट मात्र वेगळे बघा. 22.5 वॉटची बँक फोनसाठी ठीक, पण लॅपटॉप तिला नाक मुरडतो. निदान 45, शक्यतो 65 वॉट, आणि आउटपुटच्या ओळीत 20 व्होल्ट हवेतच. 12 व्होल्टवर थांबणारी बँक कितीही मोठी असली तरी बहुतेक लॅपटॉपला निरुपयोगी.

विमानात बॅगेज काउंटरवर देण्याच्या बॅगेत बँक चालत नाही, हातातच ठेवायची. 100 वॉट-तासांपर्यंत विचारायला लागत नाही, 100 ते 160 ला कंपनीची परवानगी, त्यावर बंदी. म्हणून 27,000 एमएएचच्या बँका निघतात, 99.9 वॉट-तास. 30,000 ची घेतलीत तर 111 होतात. आणि आता नेता येते म्हणजे वापरता येते असं नाही. सिंगापूर एअरलाइन्सने 1 एप्रिल 2025 पासून विमानात बँकेवरून चार्जिंग बंद केलं, एमिरेट्सने 1 ऑक्टोबर 2025 पासून वापर बंद करून एकच बँक नेऊ द्यायचं ठरवलं. चीनमध्ये देशांतर्गत विमानात 28 जून 2025 पासून थ्री-सीचं (चीनच्या सक्तीच्या सुरक्षा प्रमाणपत्राचं) चिन्ह नसलेली बँक चालत नाही, म्हणजे भारतातून नेलेली बँक तिथल्या दुसऱ्या विमानात अडकू शकते. अंगावरचे आकडे घासून पुसट झाले असतील तर सुरक्षा तपासणीत बँक ठेवून घेतात. त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, पाच पैशांचा उपाय.

थोडक्यात, विमानात ऐनवेळी बँक कामी येईल या भरवशावर राहू नका.

दाबेलीआणिडिबगर
दोन छोट्या गोष्टी, ज्यांच्यामुळे ‘चार्जर खराब आहे’ अशा निम्म्या तक्रारी होतात.

पहिली केबल. ज्या सी-टू-सी केबलच्या टोकात ई-मार्कर चिप (केबल किती प्रवाह झेलते हे चार्जरला सांगणारी) नसते, तिच्यातून 3 अँपियर म्हणजे 60 वॉटच जातात, चार्जर 100 चा असला तरी. दिसायला दोन्ही सारख्याच. ‘5 अँपियर’ किंवा ‘100 वॉट’ किंवा ‘240 वॉट’ छापलेली घ्या. आणि चार्जिंगची जाड केबल बहुधा आतून यूएसबी 2 ची असते, तिच्यावर मॉनिटर चालणार नाही. मग पोर्ट गेलं म्हणून सर्व्हिस सेंटरला पळू नका.

दुसरी ए-टू-सी केबल. धागाकर्त्याने यादीत टाकली ते बरं केलं, पण कारण सांगितलं नाही. स्वस्त ट्रिमर, टॉर्च, हातातला पंखा यांच्या सी पोर्टात दोन छोटे रेझिस्टर टाकायचे राहतात. त्याशिवाय सी-टू-सी वर चार्जरला पलीकडे कुणी आहे हेच कळत नाही, तो वीज सोडत नाही. ए पोर्टातून मात्र 5 व्होल्ट कायम येतात, म्हणून चालतं. नुसते सी पोर्टवाले देखणे चार्जर घेणाऱ्यांची दाढी इथे अडते.

आणि फोन. सुपरवूकसारखं स्वतःचं जलद चार्जिंग असलेले अनेक फोन पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे टाइप-सीची सर्वसाधारण जलद चार्जिंग पद्धत) चार्जरवर 18 वॉटच्या आसपासच घेतात. 80 वॉटची सवय झालेल्यांना ते बैलगाडी वाटतं. सॅमसंगला 25 किंवा 45 वॉट हवे असतील तर चार्जरवर पीपीएस (पीडीमधलीच, व्होल्टेज बारीक पायऱ्यांत बदलायची सोय) लिहिलेलं हवं.

वेटिंगलिस्ट27
घाटात हॉटस्पॉट लावून काम करणाऱ्यांसाठी जोड: कर्जत ते लोणावळा बोगद्यांत फोन टॉवर शोधत राहतो, त्यात हॉटस्पॉट, त्यात चार्जिंग. फोन तापतो आणि चार्जिंग आपोआप मंदावतं. तेवढ्या पट्ट्यात वायफाय हॉटस्पॉटऐवजी केबलने टेदरिंग करा, म्हणजे फोनचं नेट केबलवरून लॅपटॉपला द्या. फोन लॅपटॉपवरूनच थोडी वीज घेतो, तापतोही कमी. नेट तरीही जाणार, ते डोंगराचं काम आहे.

दीडजीबी
यादी दुरुस्त करतो. सुट्या वायरीचा गॅन, सी-1 वर ठिपका, ई-मार्करवाली केबल, ए-टू-सी, 65 वॉटची 20,000 ची बँक. चार्जर आणि बँक दोन्हींवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघायचा, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कंपनी तीच आहे ना हे तपासायचं. गोल पिनेचे 180-230 वॉटवाले गेमिंग लॅपटॉप यातून वगळतो. त्यांना सी पोर्टातून 100 वॉट दिले तरी ताणावर बॅटरी उतरतच राहते, त्यांनी वीट न्यावी.

खरडपट्टी
बँक साधारण चारशे ग्रॅम, चार्जर दीडशे, वायर शंभर, केबली साठ-सत्तर. सातशेच्या वर गेलात की राव. वीट साडेतीनशेची होती.

दीडजीबी
बँक तुम्हीही नेताच. ती दोन्ही बाजूंनी वजा करा, आणि विटेच्या बाजूला फोनचा वेगळा चार्जर धरा.

तिसरीपिन
धरला. आता हेडसेटमधल्या घूंचं काय ते सांगा.

दीडजीबी
ब्लूटूथ हेडसेट.

तिसरीपिन
आणि तो चार्ज कशावर करणार? सी-2 वर की ए वर?