बातमी वाचून तुम्ही पैशाचं काय बदललंत?

बँकेवर निर्बंध आले, बाजार आपटला, व्याजदर वाढले. चार दिवस घरोघरी चर्चा होते आणि विषय मागे पडतो. त्या चर्चेनंतर तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत, तेवढंच इथे लिहा. शेअरच्या टिपा कृपया नकोत. सुरुवात मी करते.

सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. आमचं तिथे काही नव्हतं. पण बाबांच्या निवृत्तीच्या ठेवी एकाच बँकेच्या तीन शाखांत होत्या आणि शाखा वेगळ्या म्हणजे धोका वाटला गेला, अशी त्यांची खात्री. ठेव विमा, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणारी भरपाई, शाखेगणिक मिळत नाही. एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या ठेवी, मुद्दल आणि व्याज धरून, एकत्र मोजतात. तेव्हा मर्यादा १ लाख होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. एकेक पावती मुदत भरली तशी दुसऱ्या बँकेत नेली. बाबा अजून कुरकुरतात, कारण आता तीन ठिकाणी केवायसी.

*

वरच्या अनुभवात एक भर. हा विमा सहकारी बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. आईच्या ठेवी पतसंस्थेत होत्या, व्याज थोडं जास्त म्हणून. समजावल्यावर तिने निम्म्या काढल्या. उरलेल्या नाही काढणार म्हणाली, कारण मॅनेजर आमच्या ताईच्या लग्नाला आला होता!

*

माझा अनुभव घरकर्जाचा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. आमचा हप्ता होता तेवढाच राहिला, त्यामुळे घरात सगळे निवांत. मला ते पटेना, म्हणून कर्जखात्याचा उतारा मागवला. बँकेने हप्त्याला हात न लावता मुदत वाढवली होती आणि शेवटचा हप्ता ह्यांच्या निवृत्तीच्या पलीकडे गेला होता. शाखेत विचारलं तर "सिस्टीम आपोआप करते" एवढंच उत्तर.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं: व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यायचा. त्याची प्रत घेऊनच गेले. मग सिस्टीमला सगळं जमलं. हप्ता वाढवून मुदत पूर्वीइतकी केली. २०२५ मध्ये दर उतरले तेव्हा हप्ता तसाच राहू दिला, म्हणजे कर्ज लवकर सुटेल. बोनस आला की थोडं मुद्दलही फेडतो. फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड व्यक्तीला लागत नाही, हे कोणी आपणहून सांगत नाही. तुमचाही उतारा एकदा मागवाच.

*

४ जून २०२४, लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स सुमारे २,५०० अंश वर, मतमोजणीच्या दिवशी जवळपास ४,४०० अंश खाली. आमच्या ऑफिसात दोन्ही दिवस कामं बंद. मुलीच्या कॉलेजची फी जुलैत भरायची होती आणि ते पैसे इक्विटी फंडात, म्हणजे शेअरमध्ये गुंतवणाऱ्या फंडात होते. बायको मे महिन्यातच म्हणाली, "निकालाची तारीख जाहीर आहे, फीचीही. मग वाट कशाची बघताय?" फीपुरते काढून बचत खात्यात ठेवले, बाकीची एसआयपी चालू. कोण जिंकणार यावर आम्ही घरात भांडलो खूप, पण पैशांचा त्याच्याशी संबंध ठेवला नाही.

*

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचा अभ्यास आला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात. धाकट्या भावाला पाठवला. त्याचं उत्तर: "मी उरलेल्या सातात." यापुढे काय करायचं, सुचवा.

*

दहा वर्षं न हललेल्या खात्यांतली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारसांचा हक्क जात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' पोर्टल सुरू झाल्याचं वाचून आजोबांचं नाव टाकून पाहिलं आणि एक खातं निघालं. बँक आता वारसा दाखला मागतेय, रक्कम मात्र किरकोळ. दाखल्याशिवाय कोणाचं काम झालं असेल तर कुठली कागदपत्रं दिलीत ते लिहा.