तबला-डग्गा सायकलवरून कसा न्यायचा, आणि सीट दुखते त्याचं काय?

धिनधागे:
नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मी कर्वेनगरला राहते आणि शनिवार-रविवारी सदाशिव पेठेत एका गाण्याच्या क्लासला साथीला जाते. तिथला तबला म्हणजे विचारूच नका, पुडी (तोंडावरचं चामडं) गेलेली, कितीही ठोका स्वरात येत नाही, त्यामुळे स्वतःचा न्यावा लागतो. स्कूटर नवऱ्याकडे असते, पेठेत पार्किंगची बोंब, म्हणून हायब्रिड सायकल घेतली (७०० बाय ३५ टायर, डिस्क ब्रेक, कॅरिअर नाही). डीपी रोडने म्हात्रे पुलावरून जाते, रस्ता तसा सपाटच आहे.

आता प्रॉब्लेम असा की तबला-डग्ग्याची जोडबॅग पाठीला लावते, दोन्ही मिळून आठ-नऊ किलो तरी असतील, आणि पोचेपर्यंत मान आखडते, पाठ घामानं चिंब, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बूड असं दुखतं की तिथे मांडी घालून बसवत नाही, आणि तबल्याला तर तासभर तसंच बसायचं असतं! जेलचं कव्हर घालून बघितलं, उलट जास्त त्रास. सीट बदलू का? आणि हा गोल-गोल ऐवज पाठीवरून काढून सायकलवर बसवायचा कसा?

घाटपायथा:
ताई, सीट नंतर बदला, आधी ती बॅग पाठीवरून उतरवा. पाठीवरचं ओझं शेवटी तुमच्या बुडातूनच सीटवर उतरतं, म्हणजे नऊ किलो जास्तीचं वजन घेऊन त्याच दोन हाडांवर बसताय. वर प्रत्येक खड्ड्यात ते ओझं वर जाऊन खाली आदळतं ते वेगळंच. हेच वजन फ्रेमवर टाकलं की बसायचा निम्मा त्रास तिथेच संपेल असं माझं मत.

जेलचं कव्हर काढून टाका. फार मऊ सीटमध्ये हाडं खाली रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. आता एक नीट बघा, दुखतंय की बधीर होतंय? बसायची हाडं दुखत असतील तर नव्या माणसाला ते होतंच, थोड्या आठवड्यांत सवय होते. पण मुंग्या येत असतील, बधिरपणा येत असेल तर सवय व्हायची वाट बघत बसायचं नाही, सीटचं नाक किंचित खाली करायचं, अगदी किंचित हं, जास्त केलं तर पुढे घसरायला होतं आणि सगळा भार मनगटांवर येतो. त्यानं नाही भागलं तर मधे खाच असलेली सीट बघा.

उंची अशी बघा: भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली असताना पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. सीट जास्त उंच असली की कंबर डावी-उजवी हलत राहते आणि घासून घासून कातडी सोलते. पॅडवाली शॉर्ट घेतली तर तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, हे दुकानदार लाजून सांगत नाहीत. वरून सलवार, पँट काहीही घाला.

रिकामटेकडा_पुणेकर:
इतका खटाटोप करण्यापेक्षा सरळ रिक्षा करा की.

धिनधागे:
@रिकामटेकडा, शनिवारी संध्याकाळी पेठेत यायला तयार असलेला रिक्षावाला दाखवा, त्याला मी चहा पाजते.

@घाटपायथा, बधीर नाही होत, हाडंच दुखतात, हुश्श. शॉर्टची टीप कोणीच दिली नव्हती. पण कॅरिअर कुठला घेऊ? दुकानात सीटच्या दांड्याला पकडणारा दाखवत होते, पाच मिनिटांत बसतो म्हणाले.

तानलेला_स्पोक:
तो अजिबात नको. सीटच्या दांड्यावर चिमट्यानं बसणारे कॅरिअर नऊ-दहा किलोच्या आतलेच असतात, ते पण नवे असताना, आणि धक्क्यांनी हळूहळू एका बाजूला फिरतात. तुम्ही त्यावर तबला ठेवणार आणि म्हात्रे पुलावर तो मागच्या गाडीला सलाम करणार. मागच्या आसापाशी फ्रेमला आट्याची भोकं आहेत का बघा, बहुतेक हायब्रिडला असतात. तिथे पाय टेकणारा ॲल्युमिनियमचा कॅरिअर घ्या, बऱ्याच जणांवर २५ किलो लिहिलेलं असतं. डिस्क ब्रेक आहे ना, मग कॅरिअरचा पाय ब्रेकच्या कॅलिपरला (डिस्क पकडणाऱ्या चिमट्याला) अडतो, म्हणून डिस्कसाठीचाच मागा, नाहीतर मेकॅनिककडून मधे स्पेसर टाकून लांब बोल्ट लावून घ्या. भोकं नसतील तर आतून रबर असलेल्या क्लिपा फ्रेमला आवळून काम भागतं, पण मग वजन बेतानं. पहिले काही दिवस बोल्ट तपासत राहा, आपल्या रस्त्यांवर ते ढिले होतातच.

आता मांडणी. जड वस्तू जितकी खाली आणि आसाच्या जवळ तितकं बरं. वजन कॅरिअरच्या मागच्या टोकाला गेलं की पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल लुडबुड करतं. तबला जड आणि अंगानं सडपातळ, तो बाजूच्या पॅनिअरमध्ये (कॅरिअरच्या बाजूला लटकणाऱ्या पिशवीत) खाली. दुसऱ्या बाजूच्या पॅनिअरमध्ये हातोडी, कुलूप, पाण्याची बाटली, डबा, म्हणजे तोल जमतो. डग्गा पॅनिअरमध्ये घालू नका, त्याचं तोंड रुंद, पेडल मारताना टाच लागेल. तो कॅरिअरवर क्रेट बांधून त्यात, आणि खाली तुमचीच चुंबळ ठेवा की, तिचं कामच ते आहे. आणि मागच्या टायरमध्ये हवा जरा वाढवा, टायरच्या बाजूला किती ते लिहिलेलं असतं, त्याच्या वरच्या आकड्याच्या जवळ पण वर नाही.

कृष्णाकाठचा:
सांगलीहून. आमच्या घरी दुधाचा धंदा होता, वडील काळ्या दांडीच्या सायकलवर दोन्ही बाजूला दोन-दोन कॅन अडकवून गावभर फिरायचे, त्यामुळे या विषयावर बोलायचा जन्मसिद्ध हक्क आहे. त्या सायकलींना मागच्या चाकाला ४० तारा असायच्या आणि पुढे ३२, कारण भार मागेच येणार हे बनवणाऱ्याला माहीत होतं. तुमच्या हायब्रिडला मागे-पुढे सारख्याच असतील, म्हणून मागच्या चाकाच्या तारा एकदा ताणून घ्या.

बांधायला त्या रंगीत हुकवाल्या दोऱ्या घेऊ नका, हुक सुटून डोळ्यावर बसतो. पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब मागा, बहुतेक फुकट देतो, लांब पट्ट्या कापा, झालं. ओली झाली तरी सरकत नाही, आणि ताणून गाठ मारली की धक्के पण थोडे खाते. दुसरं म्हणजे स्टँड. एका पायाच्या स्टँडवर लोड केलेली सायकल उभी केली की आडवी होणारच, दोन पायांचा लावून घ्या. लोड करताना पुढचं चाक फिरतं, त्याला उपाय म्हणजे पुढच्या ब्रेकची मूठ दाबून तिला ट्यूबचंच एक वेटोळं घालायचं, हँडब्रेक तयार.

आणि उतारावर आधीपासून ब्रेक धरा. वजन असलं की सायकल थांबायला वेळ घेते.

सपाट_देशातून:
उट्रेख्तहून लिहितोय. इथे लोक पुढे लाकडी खोका असलेली लांब बाकफीट्स चालवतात, त्यात दोन पोरं, भाजी, कधी कुत्रा. खोका दोन चाकांच्या मधे आणि जमिनीलगत असतो म्हणून ती पेलते. पण महाग आणि अवजड, पेठेतल्या वाड्यात घुसवायला गेलात तर भांडणं होतील.

सीटबद्दल एक भर घालतो, बसायची ढब आणि सीट यांची जोडी जमली पाहिजे. इथल्या आजीबाई सायकलवर पाठ ताठ असते, जवळजवळ सगळा भार बुडावर, म्हणून सीट रुंद आणि स्प्रिंगवाली. पुढे वाकून चालवणाऱ्याचा बराच भार हातापायांवर जातो, त्याला अरुंद सीट चालते. तुमची सायकल या दोन्हींच्या मधली, पण तुम्ही पाठीच्या बॅगमुळे अवघडून ताठ बसत असणार. बॅग उतरल्यावर बसणं बदलेल, म्हणून नवी सीट त्यानंतरच घ्या.

बादवे, चढावर खाली उतरून ढकलायला लाजू नका. १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी लोकांनी एकेका सायकलवर दोनशे-दोनशे किलो तांदूळ आणि दारूगोळा लादून डोंगरातून नेला, तोही पेडल न मारता, हँडलला बांबू बांधून ढकलत.

पोदेरफॅन:
म्हापशाहून +१ कृष्णाकाठला. आमचा पाववाला कॅरिअरवर बांबूची अवाढव्य टोपली घेऊन येतो, पाव हलका म्हणून त्याला उंच ठेवणं परवडतं. तुमचा डग्गा तांब्या-पितळेचा असेल तर तो पाव नव्हे, क्रेट शक्य तितकं बुटकं घ्या.

सम_आणि_काल:
सगळे सायकलचं बोलताय, वाद्याचं कोणी बोलेना. ताई, उन्हात उघडा ठेवलात तर पुडी तापून चढते आणि पोचल्यावर वेगळाच स्वर सापडतो, पावसाळी हवेत उतरते. शाईला (पुडीवरच्या काळ्या गोल थराला) पाणी लागलं तर ती गेलीच समजा. पॅनिअर वॉटरप्रूफ असला तरी आत जाड प्लास्टिकची पिशवी हवीच. पुडीवर काही टेकू देऊ नका, गादी कितीही जाड असली तरी. आणि पोचल्यावर लगेच हातोडी घेऊ नका, दहा-पंधरा मिनिटं खोलीत टेकू द्या, मग लावा.

धिनधागे:
बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! भोकं आहेत, आत्ताच टॉर्च लावून बघून आले. डिस्कवाला कॅरिअर, दोन पायांचा स्टँड आणि जुनी ट्यूब, एवढं या आठवड्यात करते. एक राहिलं, स्पीडब्रेकरवर काय करायचं? पूर्ण उभं राहिलं तर मागचं वजन हेलकावतं असं वाटतंय.

तानलेला_स्पोक:
पूर्ण उभं राहू नका. दोन्ही पेडल आडव्या रेषेत आणा, बूड सीटवरून चार बोटं उचला, गुडघे सैल, सायकल सरळ. आणि वेग आधीच कमी करा, डीपी रोडच्या एकदोन गतिरोधकांवर तर रंग पण उरलेला नाही.