शाळेनं मोबाईल ठेवून घेतला, दिवाळीनंतर देतो म्हणायलेत. असं करता येतं का?

सोयाबीनवाला
राम राम मंडळी. पोरगी आठवीला हाय. गावात झेडपीची शाळा सातवीपर्यंतच त्यामुळं तालुक्याला जाते, अहिल्याबाई होळकर योजनेचा एसटीचा पास हाय, पण संध्याकाळची गाडी कधी येते कधी येतच नाही मग ती फोन करते की पप्पा फाट्यावर या, म्हणून फोन दप्तरात ठिवते. गेल्या मंगळवारी गणिताच्या तासाला वाजला. सायलेंट करायला इसरली, चूक तिची, ते मी आधीच कबूल करतो. सरांनी फोन घेतला इथवर माझं काहीच म्हणणं नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर हेडसर म्हणले दिवाळीच्या सुट्ट्या झाल्यावर भेटंल आन ५०० रुपये दंड भरा.

आता गोम अशी की फोन पोरीचा नाहीच, घराचा हाय. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर, बायकोचा बचत गटाचा ग्रुप त्याच्यात, ई-पीक पाहणीचं ॲप बी त्याच्यातच. माझ्याकडं साधा बटनाचा. सोयाबीनची नोंद राहिली आन उद्या अनुदान आलं तर तलाठ्याला काय सांगू, फोन शाळेत अडकलाय म्हणून? शाळेचं नाव लिहीत नाही, पोरगी तिथंच शिकायची हाय. कायद्यात असं हाय का की शाळा फोन ठेवूनच घेऊ शकते?

लातूर_रिटर्न
भाऊ आम्ही लातूरला क्लासेसला होतो तेव्हा होस्टेलवर फोन जमाच असायचा, रविवारी अर्धा तास घरी बोलायला मिळायचं आणि परत कपाटात. कोणी कायदा विचारला नाही. पण तिथं घरच्यांनी आधीच सही केलेली असायची आणि फोन आपलाच असायचा, तुमचं प्रकरण येगळंय. सरळ पोलिसात चोरीची तक्रार टाका, दुसऱ्या दिवशी घरी आणून देतील.

काळा_कोट
चोरीची तक्रार अजिबात टाकू नका, टिकणार नाही. चोरीला (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३) बेइमानीचा हेतू लागतो. मास्तरानं वर्गात वाजलेला फोन सगळ्यांसमोर घेतला आणि ऑफिसात ठेवला यात बेइमानी कुठंय. उलट पोरीला पुढची दोन वर्षं त्याच वर्गात बसायचंय हे विसरू नका.

आता मूळ प्रश्न. विद्यार्थ्याचा मोबाईल शाळेनं जप्त करावा किंवा करू नये असा वेगळा कायदा संसदेनं केलेला नाही. शाळेचा अधिकार येतो तो शिस्तीच्या नियमांतून, प्रवेश घेताना आपण जो फॉर्म न वाचता सही करतो त्यातून. सीबीएसईनं २००९ मध्येच शाळेत मोबाईल वापरावर बंधन घालणारं परिपत्रक काढलं होतं, पण तुमची शाळा राज्य बोर्डाची असणार. अलीकडचा कामाचा निकाल म्हणजे दिल्ली हायकोर्टाचा, २८ फेब्रुवारी २०२५. केंद्रीय विद्यालयातल्या एका अल्पवयीन मुलाचं प्रकरण होतं. कोर्ट म्हणालं की शाळेत स्मार्टफोनवर सरसकट बंदी योग्यही नाही आणि अंमलात येण्यासारखीही नाही. शक्य असेल तिथं शाळेत आल्यावर फोन जमा करून घ्या, घरी जाताना द्या, वर्गात वापर नको. मुलांचा घरच्यांशी संपर्क राहतो आणि त्यानं सुरक्षितता वाढते हेही त्यात आहे, म्हणजे तुमच्या एसटीचा मुद्दा बसतो. आणि हो, नियम मोडला तर ठरावीक काळासाठी फोन जप्त करणं ही शिक्षा असू शकते असंही त्यातच लिहिलंय. तेव्हा 'घेतलाच कसा' हा मुद्दा सोडून द्या, तो तुम्ही हरणार. हा निकाल आपल्याकडं बंधनकारक नाही, औरंगाबाद खंडपीठ (नाव बदला म्हणतील कोणी, आम्ही असंच म्हणतो) वेगळं म्हणू शकतं, पण शिक्षणाधिकाऱ्यासमोर दाखवायला चांगलाय.

तुमचा जोर पाहिजे तो 'किती दिवस' यावर. पालक स्वतः हजर आहे, फोन आपला आहे म्हणून सांगतोय, बिल दाखवतोय, तरी दोन महिने ठेवणं याला शिस्त म्हणता येत नाही. शाळेच्या लेखी नियमात दिवाळीपर्यंत असं कुठं आहे ते दाखवा म्हणायचं. ५०० चं पण तसंच, पावती मागा.

अर्ज असा करा: तारीख, मोबाईलचा आयएमईआय (हँडसेटचा ओळख नंबर), बिलाची झेरॉक्स, फोन कुटुंबाचा आहे आणि शेतीच्या नोंदीसाठी लागतो हे एका वाक्यात. पोच घ्या, आवक नंबर टाकून. नाहीच दिला तर तोच अर्ज शिक्षणाधिकारी माध्यमिक, जिल्हा परिषद. आज काय करायचं तर सिमकार्ड मागा, ते द्यायला कुणी नाही म्हणणार नाही.

मास्तर_३०_पट
मी पण मास्तरच आहे, परभणीकडं. आमची बाजू कोणी ऐकतच नाही म्हणून लिहितोय. नववीच्या वर्गात पोरं मागच्या बाकावर रील पाहतात, एकानं मी फळ्यावर लिहिताना पाठमोरा व्हिडिओ काढून त्याला गाणं लावून ग्रुपवर टाकला, मी घरी गेलो तर बायको हसायली. मग फोन घ्यायचा नाही तर काय करायचं, हात लावता येत नाही (लावूही नये, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहे), उन्हात उभं करता येत नाही, आठवीपर्यंत शाळेतून काढता येत नाही. राहिला फोन.

पण खरं सांगू का, फोन ठेवून घेणं आम्हालाच परवडत नाही. मागं आमच्या स्टाफरूमच्या कपाटातून जप्त केलेला फोन गेला. कुणी नेला कळलंच नाही. ज्या सरांनी घेतला होता त्यांनी पगारातून हप्त्यानं पैसे दिले. तेव्हापासून मी त्याच दिवशी सुट्टीला पालकाला बोलावतो, वहीवर सही घेतो, फोन देतो. तुमच्या हेडसरांना दिवाळीपर्यंत सांभाळायची हौस का आली ते कळंना.

काळा_कोट
मास्तर, सरांनी दिले ते बरं केलं, नाहीतर वाद वाढला असता. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतली की आपल्या स्वतःच्या वस्तूची शहाणा माणूस जेवढी काळजी घेतो तेवढी घ्यावी लागते, भारतीय करार कायदा १८७२ चं कलम १५१ हेच सांगतं. ते कलम करारानं ठेवायला दिलेल्या वस्तूचं आहे, शाळेला जसंच्या तसं लागू होतं का यावर वकील भांडतील, पण तत्त्व तेच धरतात. आणि काही ठिकाणी पोरांसमोर हातोडीनं फोन फोडायचे व्हिडिओ फिरतात, तसलं तर चुकूनही करू नका, ते थेट नुकसान केल्याचा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ३२४.

बीडची_आई
माझा प्रश्न थोडा वेगळा पण इथंच विचारते. आमच्या मुलाचा घेतला होता तेव्हा मॅडमनी त्याच्याकडून पॅटर्न काढून घेतला आणि गॅलरी बघितली, व्हॉट्सॲप पण. फोन माझा होता हो. बाळंतपणाचे फोटो, बहिणीच्या घरातली भांडणं, सगळं त्यात. परत आणायला गेले तर माझ्याकडं बघून हसल्या. मला इतकं लाजिरवाणं झालं की काही बोलताच आलं नाही. हे चालतं का?

काळा_कोट
ताई, नाही चालत. फोन घेणं एक आणि फोन उघडणं एक. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. खाजगी संस्थेवर तो सरळ कसा लावायचा याची चर्चा लांबेल, पण पोराकडून पॅटर्न काढून आईचे फोटो बघायला कोणत्याही शिस्तीच्या नियमाचा आधार मिळत नाही. मुलानं त्यात काही गंभीर केलंय अशी शंका असेल तर पालकाला बोलावून त्यांच्यासमोर, एवढंच. तुम्ही मुख्याध्यापकांना लेखी द्या, उशीर झाला असला तरी.

फाट्यावरचा
एवढं कशाला, अठराच्या आत मोबाईलच नको. यवतमाळमधल्या बान्सी गावानं २०२२ ला ग्रामसभेत तसा ठरावच केला होता. करा की आपण पण.

लातूर_रिटर्न
ठराव करणं सोपंय दादा. त्याच वर्षी सांगलीकडं मोहित्यांचे वडगावला संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाईल टीव्ही बंद ठेवायचे, त्यात मोठी माणसं पण होती म्हणून चाललं. तुम्ही ठेवता का दीड तास बाजूला? आत्ता किती वाजलेत बघा, पावणेबारा.

सोयाबीनवाला
सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. काळा कोट साहेब सांगितले तसा अर्ज नेला, बिल जोडलं. क्लार्क पोच द्यायला तयारच नव्हता, मी तिथंच बाकावर बसलो, म्हणलं शिक्का मारा मग जातो. अर्ध्या तासानं हेडसरांनी आत बोलावलं, चहा सांगितला, म्हणले अहो आम्हाला काय माहिती घरचा फोन हाय ते. फोन दिला, चार्जिंग संपलेलं. दंडाची पावती मागितली तर म्हणले राहू द्या आता दंड. पीक पाहणी कालच केली, दोन एकर सोयाबीन, एक एकर तूर, बांधावर उभं राहून फोटो टाकला.

पण नवंच झालंय. पोरगी आता फोन न्यायलाच तयार नाही. पोरी चिडवायलेत की तुझ्यामुळं तुझ्या बापाला शाळेत यावं लागलं. शुक्रवारी गाडी आली नाही, दीड तास फाट्यावर एकटीच बसली होती, मी वाट बघून बघून मोटारसायकल काढली तवा दिसली. सर, तुमच्या शाळेत जमा करायची काय पद्धत हाय? पालकसभेत सांगायला पाहिजे काहीतरी.

मास्तर_३०_पट
आमच्याकडं शिपाई मामांकडं वर्गाप्रमाणं कापडी पिशव्या आहेत, शिवून घेतल्या, आत छोटे छोटे कप्पे अन वर नंबर. सकाळी प्रार्थनेआधी टाकायचा, वहीत सही, सुटल्यावर सही करून न्यायचा. बाहेरगावच्या पोरांनाच परवानगी, पालकाचा अर्ज लागतो. पिशवीचा अन वहीच्या पानाचा फोटो टाकतो उद्या, तुमच्या हेडसरांना दाखवा.