आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, दोन इंजेक्शनच्या मधल्या वेळात काय करायचं?

उद्यमनगरकर
नमस्कार मंडळी, जरा अडचणीत आहे म्हणून लिहितोय. आई वय ७१, न्हाणीत पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. परवा ऑपरेशन झालं, आत रॉड घातलाय, एक्सरे चांगला आलाय म्हणून डॉक्टर खूष आहेत. दिवसा बरं असतं, बहीण असते, बायको डबा घेऊन येते, पण रात्री दहाला वॉर्डातली लाईट गेली की सुरू, "दुखालंय रे, सिस्टरला बोलव की". सिस्टर येतात, बघतात, म्हणतात आत्ताच सलाईनमधनं दिलंय, आता पुढचं दोन वाजता. त्या त्यांच्या जागी बरोबर असतील, पण साडेअकरा ते दोन आम्ही मायलेकांनी काय करायचं सांगा? मी स्टुलावर बसून नुसता बघत असतो. हात धरला की म्हणते मला घरी ने, आता मी काय वाचत नाही. मी फौंड्रीत कामाला, यातलं मला काही कळत नाही. औषध सोडून शेजारच्या माणसाला करता येण्यासारखं काही असतं का? कुणी नर्सिंगमधलं असेल तर प्लीज सांगा.

नाईटड्युटीताई
दादा, भरपूर असतं. हाडांच्या वॉर्डात माझी १९ वर्षं गेलीत, त्यातल्या निम्म्या रात्रीच. पण आधी एक ऐका, मी सांगतेय ते औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नाही. सहन होत नसेल तर सिस्टरला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उठवा, "डॉक्टरना विचारून डोस नाहीतर वेळ बदलता येते का" असं सरळ विचारा, त्यात संकोच करायचा नाही. म्हातारं माणूस आहे, दुखणारच, असं कोण म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

आता दुखणं मोजायचं कसं. आम्हाला ० ते १० आकड्यात विचारायला शिकवतात, पण ७१ वर्षांच्या मावशीला दहापैकी किती विचारलं तर त्या म्हणतात "लई". मी आण्यात विचारते. मावशी, सोळा आण्यातलं किती दुखालंय? लगेच उत्तर येतं, मगाशी चौदा आणे होतं, आता दहा असंल. दर तासाला विचारून मोबाईलमध्ये वेळ टाकून लिहा आणि सकाळी राउंडला दाखवा. "रात्रभर तळमळत होती" यापेक्षा "साडेबाराला चौदा आणे, कूस बदलताना सोळा" हे डॉक्टरना लगेच समजतं.

मग पाय बघा. पाय बाहेरच्या बाजूला कलंडून पडला की खुब्याला ओढ बसते आणि पेशंटला कळत पण नाही नेमकं काय टोचतंय. दोन पायांच्या मध्ये उशी, टाच गादीवर दाबून राहणार नाही अशी घडी घातलेली चादर पोटरीखाली, एवढ्यानं कधीकधी दोन-तीन आणे उतरतात. ती कशी लावायची ते तिथल्या सिस्टर किंवा फिजिओकडून एकदा करून घ्या, आपल्या मनानं पाय ओढू नका. बर्फ चालेल का विचारा. चालत असेल तर टॉवेलात गुंडाळून १५ मिनिटं, ड्रेसिंग भिजू न देता. गरम पिशवी ताज्या ऑपरेशनवर अजिबात नको.

हात धरलाय ते सोडू नका. थोडं खोबरेल घेऊन तळहात, बोटं, खांदे हळूहळू चोळा, पोटऱ्या मात्र चोळायच्या नाहीत, ऑपरेशननंतर तिथं रक्ताची गुठळी असू शकते. श्वास तुम्ही स्वतः मोठ्यानं घ्या म्हणजे त्या मागोमाग घेतात, चार आकडे आत आणि सहा आकडे बाहेर, बाहेर सोडताना घाई नाही. नुसतं "दीर्घ श्वास घे" म्हटलं की माणूस भराभरा घेतो आणि चक्कर येते.

आणि अंधारात भीती वाढते ती वेगळीच. आई अंबाबाईला जातात का? मग डोळे मिटायला लावा आणि विचारा, महाद्वारातनं आत गेलं की आधी काय लागतं, ओटीचं सामान कुठं घेतेस, दिवे कुठं असतात. तुम्ही सांगायचं नाही, त्यांनी सांगायचं. माझ्या एक पेशंट मावशी घाटी दरवाजापर्यंत पोचता पोचता झोपायच्या.

स्किललॅब_मॅडम
ताईंनी फार नेमकं लिहिलंय. मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते, म्हणून यामागचं थोडं सांगते, कारण नातेवाईकांना वाटतं चोळणं, बोलणं म्हणजे मनाची समजूत. तसं नाही. कोपर आपटलं की आपण आधी चोळतो ना? मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ मध्ये मांडलं की मणक्यातल्या मज्जारज्जूत जणू एक दार असतं, स्पर्शाचा निरोप तिथं पोचला की दुखण्याच्या निरोपाला वाट कमी मिळते. मेंदूकडनं पण ते दार उघडझाप होतं, म्हणून घाबरलेल्या माणसाला तेवढीच जखम जास्त दुखते. पुढे या कल्पनेत बऱ्याच सुधारणा झाल्या, पण वॉर्डात काम करायला एवढं पुरतं.

शक्य असेल तर खिडकीजवळची कॉट मागा. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ पेशंटची तुलना छापली होती, निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाल्यांना जोरदार वेदनाशामक कमी लागलं आणि ते घरी पण लवकर गेले. अभ्यास छोटा आहे, पण कॉट मागायला काही पैसे पडत नाहीत.

अजून एक, आईंचा चष्मा आणि असेल तर कानातलं मशीन रात्री उशाशी ठेवा. या वयात ऑपरेशननंतर माणसं गोंधळतात, कुठं आहोत तेच कळत नाही. "घरी ने" हे कधीकधी त्यातनंच येतं. "आई, आपण दवाखान्यात आहे, रात्रीचे बारा वाजलेत, मी इथंच आहे" असं सांगत राहा. एकदम वेगळंच बडबडायला लागल्या तर सिस्टरना लगेच सांगा.

इचलकरंजीची_आई
माझा मुलगा सहा वर्षांचा असताना गरम पाणी सांडून मांडी भाजली होती. एका दवाखान्यात (नाव नको) ड्रेसिंगला चार जण धरायचे, तो दाराशीच किंचाळायचा, मला आजही तो आवाज आठवला की पोटात कालवतं. मग एक नवीन सिस्टर आल्या. त्यांनी आधी त्याच्या अस्वलाचं ड्रेसिंग केलं, त्याच्या हातात साबणाच्या फुग्यांची बाटली दिली आणि सांगितलं की तू "थांब" म्हणालास की मी हात काढणार. आणि खरंच काढायच्या! औषध तेच, अर्धा तास आधी द्यायला लावलं एवढंच. तिसऱ्या ड्रेसिंगला धरायला कुणी लागलं नाही. आईंना पण कूस बदलायच्या आधी विचारा, त्या हो म्हणाल्या की मगच हलवा.

उद्यमनगरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री झाल्या. पहिल्या रात्री आण्याचं विचारलं तर आई म्हणाली "बारा आणे, पण तू बोलत बस". उशी सिस्टरनीच लावून दिली, माझी लावायची पद्धत चुकत होती. मोबाईलमधली यादी डॉक्टरनी स्वतः वाचली आणि रात्रीची वेळ बदलून दिली, शिवाय सकाळी फिजिओ यायच्या आधी डोस ठेवलाय. देवळाचं जमलं नाही, तिला एकदम रडूच आलं. मग शेताकडची वाट विचारली, विहीर, बांधावरचा आंबा, कुणाच्या रानात काय असायचं ते सगळं. एक वाजता घोरत होती. काल दोनच्या इंजेक्शनला सिस्टरनी उठवायच्या आधी मला विचारलं, किती आणे चाललंय?

नाईटड्युटीताई
वाचून लई बरं वाटलं दादा. आंब्याची वाटच चालू ठेवा. फक्त पोटरी एका बाजूनं सुजली, किंवा दम लागला, छातीत दुखलं, तर आणे विचारत बसू नका, त्याच मिनिटाला सिस्टरला हाक मारा. आणि आज दुपारी बहिणीला बसवून तुम्ही चार तास घरी झोपून या.