पाऊस ७% घटला, प्रवाह ३६%: हवामानाचा वाटा किती, माणसाचा किती?

प्रश्न
एका नदीची ४० वर्षांची आकडेवारी आहे. पहिल्या २० वर्षांत सरासरी पाऊस ७०० मिमी, प्रवाह १४० मिमी (वर्षभर वाहिलेलं पाणी सगळ्या पाणलोटावर पसरलं तर होणारी खोली). पुढच्या २० वर्षांत ६५० आणि ९०. दरम्यान वरच्या अंगाला छोटी धरणं झाली, भूजलाचा उपसा वाढला. हवामान आणि माणूस, दोन्हींचे वाटे वेगळे कसे काढायचे?

प्रतिसाद १
जमीन आणि झाडं आपलं पाणी आधी घेतात, उरेल ते नदीला मिळतं. त्यामुळे कोरड्या पाणलोटात पाऊस १०% घटला की प्रवाह २० ते ३०% घटणं नेहमीचंच.

पहिल्या कालखंडातल्या प्रत्येक वर्षी प्रवाह सरासरीपासून किती टक्के ढळला याला पाऊस किती टक्के ढळला याने भागा आणि सगळ्या उत्तरांचा मध्यक घ्या. तो २ आला असं धरू. पाऊस ७.१% कमी, म्हणून प्रवाह १४.३% कमी, म्हणजे २० मिमी. एकूण घट ५० मिमी. उरलेले ३० मिमी पावसाच्या माथी मारता येत नाहीत. हिशोब जलवर्षाने करा, म्हणजे एका पावसाळ्याच्या सुरुवातीपासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत. कॅलेंडर वर्ष घेतलं तर जमिनीतल्या आणि तळ्यांतल्या साठ्यातला फरक आकड्यांत घुसतो.

प्रतिसाद २
पण वीस-वीस वर्षं अशी विभागणी का? आडव्या अक्षावर संचित पाऊस, उभ्यावर संचित प्रवाह मांडा. रेषेचा उतार जिथे मोडतो, तिथून दुसरा कालखंड धरा. पेटिट चाचणीने (आकड्यांच्या मालिकेत बदल कुठे झाला ते शोधणारी सांख्यिकी चाचणी) ते वर्ष पडताळून घ्या.

त्याआधी मोजणी केंद्र तपासा, हे फार महत्त्वाचं. वाळू उपशाने पात्र अर्धा मीटर खचलं, तर तेवढंच पाणी वाहत असूनही पट्टीवर पातळी कमी दिसते. जुनाच पातळी-विसर्ग तक्ता (पातळीवरून प्रवाह किती ते सांगणारा) वापरत राहिलात, तर नदी आटली नसतानाही कागदावर आटते. प्रवाहमापकाने प्रत्यक्ष घेतलेल्या मोजण्या तक्त्याशी वर्षवार ताडून पाहा.

प्रतिसाद ३
ते ३० मिमी सरसकट माणसाच्या नावावर टाकू नका. तापमान वाढून बाष्पीभवनाची मागणी वाढली असेल, तर तोही हवामानाचाच वाटा. त्यासाठी बुडिको पद्धत वापरा. ती पावसासोबत संभाव्य बाष्पीभवनही धरते, म्हणजे पुरेसं पाणी असतं तर किती उडालं असतं ते.

शिवाय वार्षिक बेरजेत धरणाचा परिणाम लपतो. धरण पुराचं पाणी अडवून नंतर सोडतं, म्हणून महिनावार पाहा. उपशाचा परिणाम आधी कोरड्या महिन्यांतल्या प्रवाहावर दिसतो, आणि तोही कधी कधी काही वर्षं उशिरा. पाऊस कमी झाला की उपसा वाढतो, त्यामुळे हे दोन वाटे पुरते सुटे होतच नाहीत. उत्तर एका आकड्यात न देता किमान-कमाल अशा पट्ट्यात द्या.