लेन्स न वापरणाऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यात अकँथअमीबा कसा शिरतो?

प्रश्न (पलूस तालुका)
गेल्या पावसाळ्यात भांगलताना वडिलांच्या डाव्या डोळ्याला उसाचे पान लागले आणि त्यांनी तिथेच पाटाच्या पाण्याचे हबके मारले. पुढे तीन आठवडे हर्पीस (विषाणूचा संसर्ग) समजून औषध चालू होते; उजेड सोसत नव्हता, रात्रभर ठणका असे आणि बुबुळावर पांढरट कडे दिसू लागले. अखेर बुबुळ खरवडून घेतलेल्या नमुन्यात अकँथअमीबा हा एकपेशीय सूक्ष्मजीव सापडला. हा आजार कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांचा, असेच मी सर्वत्र वाचते. वडिलांनी तर साधा चष्माही कधी लावलेला नाही.

उत्तर (नेत्रतज्ज्ञ, सांगली)
आपण वाचलेले चूक नाही, पण ते अमेरिका-ब्रिटनमधील रुग्णांवरून लिहिलेले आहे. भारतात चित्र उलटे असून बहुतेक रुग्णांनी लेन्सला हातही लावलेला नसतो; डोळ्याला झालेली इजा, माती आणि अस्वच्छ पाणी हीच कारणे पुढे येतात. हा अमीबा माती, कालवा, विहीर, अगदी नळाच्या पाण्यातही असतो. धडधाकट बुबुळाला तो सहसा बाधत नाही. मात्र पानाच्या धारेने वरचा थर खरचटला की त्याला वाट मिळते. शिवाय तो स्वतःभोवती दुहेरी भिंतीचे कवच तयार करतो आणि मग क्लोरीनलाही दाद देत नाही. त्यामुळे उपचार काही महिने चालतात. बरे वाटले म्हणून थेंब मध्येच बंद करू नका, आणि आधी स्टिरॉइडचे थेंब घातले असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

उत्तर (सूक्ष्मजीवशास्त्राची अध्यापिका, कराड)
पावसाळ्यात मायक्रोस्पोरिडिया या बुरशीच्या जवळच्या अतिसूक्ष्म परजीवींचाही संसर्ग दिसतो. चिखलाचे पाणी डोळ्यात उडाल्यावर किंवा तळ्यात पोहल्यावर डोळा लाल होतो, आणि घरचे 'डोळे आले' म्हणून सोडून देतात. तो बहुधा आपोआप बरा होतो. अकँथअमीबाचा संसर्ग तसा बरा होत नाही. मला खरी काळजी मोजणीची वाटते, कारण जिथे बुबुळाचा नमुना तपासायची सोय नाही तिथला रुग्ण बुरशी किंवा हर्पीस म्हणूनच नोंदला जातो.

प्रश्नकर्ती
धाकटा भाऊ आता तेच शेत पाहतो. त्याने काय करावे?

उत्तर (नेत्रतज्ज्ञ, सांगली)
उसात शिरताना साधा पारदर्शक गॉगल लावावा आणि उकळून गार केलेल्या पाण्याची झाकणबंद बाटली बांधावर ठेवावी. पान लागलेच तर डोळा चोळू नये, त्याच पाण्याने धुवावा, आणि दुसऱ्या दिवशीही खुपत असेल तर दुकानातून थेंब न आणता तपासून घ्यावे.